नारळाला मासे, अळूला मासे

गिरगावातल्या पत्त्यांमध्ये अजून झाडं आहेत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट. फणस, आंबे, केळी कधीच गेली, पण कुरियरवाला रोज त्यांची नावं वाचतो. कोकणात आजही ‘वाडी’ म्हटलं की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांसमोर येते. ‘भाट’ म्हणजेही बागच. गिरगावात मात्र वाडी म्हणजे चाळींची गल्ली, आणि भाट म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाही विचारावं लागतं. इंग्रजांच्या जुन्या कागदांत मुंबईतल्या अशा नारळीच्या बागांना ‘ओर्ट’ म्हटलेलं आहे. हा शब्द पोर्तुगीज ‘होर्ता’वरून आला, आणि पश्चिम किनाऱ्याबाहेर तो फारसा कुणाला माहीत नव्हता.

खोताची वाडीही अशाच जमिनीवर वसली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वामन हरी खोत यांनी इथले तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यावर लाकडी जिने, व्हरांडे, कौलं असलेली घरं उभी राहिली, असं सांगितलं जातं. खोत म्हणजे सारा गोळा करणारा. एकेकाळी इथे ६५ घरं होती म्हणतात, आज ती तिशीच्या आत आली आहेत. उरलेल्यांतल्या काहींच्या मागे अजून थोडी उघडी जमीन आहे. आम्ही भाड्याने राहतो त्या घरामागे दहा फूट बाय सहा फुटांचं परसू आहे. तिथे मी गेल्या वर्षी एक ॲक्वापोनिक्सची मांडणी केली. खाली माशांची टाकी, वर खडीचा वाफा. माशांचं घाण झालेलं पाणी वाफ्यात चढतं, झाडं त्यातलं खत घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी परत टाकीत उतरतं. माती नाही, वेगळं खत नाही, पाणी फेकणं नाही.

ज्याला सांगावं तो म्हणतो, ‘हे इस्रायलचं का?’ कुणी म्हणतं ऑस्ट्रेलियाचं. व्हिडिओ तिथले असतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण या विषयाचं वाचत मागे मागे जात राहिलो, तर पुढे आलं ते गिरगाव-माहीमच्या नारळांचंच प्रकरण. माशांनी झाडं पोसायची पद्धत मुंबईत किमान साडेतीनशे वर्षं जुनी आहे. ती होती कशी आणि मोडली कशी, याची ही गोष्ट.

कुजकी मासळी आणि कंपनी सरकार

१६६१च्या विवाह करारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५मध्ये ताबा मिळाला आणि १६६८मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. पाच वर्षांनी, १६७३मध्ये, जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर इथे आला. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक नारळाच्या झाडांना मासळीचं खत घालतात आणि जमिनीवरून वारा सुटला की त्याचा विषारी वास पार जहाजापर्यंत येतो. अलेक्झांडर हॅमिल्टनने १७२७च्या आपल्या पुस्तकात मुंबईची हवा रोगट असण्याचं मुख्य खापर याच खतावर फोडलं. १७५०च्या सुमारास इथे आलेला जॉन हेन्री ग्रोसही तेच सांगतो, आणि खताचं नावही देतो: ‘बकशॉ’. समुद्रात मुबलक मिळणारी, खाण्यात फारसा भाव नसलेली बारीक मासळी झाडाच्या बुंध्याशी पुरायची किंवा पसरायची आणि कुजू द्यायची.

आता ही मांडणी जरा त्यांच्या नजरेतून नको, इथल्या माणसाच्या नजरेतून बघा. सात बेटं, चारी बाजूंनी समुद्र. किनाऱ्याजवळची जमीन रेताड. रेतीत पाणीही थांबत नाही आणि खतही थांबत नाही. नारळ तर खादाड झाड, त्याला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सगळं लागतं. एका बाजूला कोळ्यांच्या जाळ्यात रोज येणारी, विकली न जाणारी बारीक मासळी, आणि दुसऱ्या बाजूला भंडाऱ्यांच्या ताडी-माडीची आणि खोबरेल तेलाची झाडं. समुद्रातलं पोषण जमिनीवर आणायचा याहून सरळ रस्ता नव्हता. मासे कोळ्यांकडून वाडीत जात, वाडीतून नारळ आणि माडी बाजारात जाई. दोन धंद्यांना जोडणारा हा दुवा होता. कुणी शास्त्र म्हणून तो मांडला नव्हता एवढंच.

कंपनीच्या लोकांना यात मरण दिसत होतं, आणि त्यांचं मरण खरंच होतं. मुंबईत आलेला इंग्रज दोन पावसाळे काढेल की नाही, अशी त्या काळची अवस्था. ताप कशाने येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. घाण वास म्हणजे खराब हवा, खराब हवा म्हणजे ताप, हे युरोपातलं सर्वमान्य वैद्यक होतं. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’. या वैद्यकाच्या हिशेबाने नारळाच्या बुंध्याशी सडणारी मासळी म्हणजे उघडा गुन्हाच. ही पद्धत बंद करायचे प्रयत्न झाले. पण नारळ-माडीचं उत्पन्न कंपनीलाही हवं होतं, आणि खत बंद झालं तर झाड कमी देणार, हे बागवाल्याला शिकवावं लागत नव्हतं.

वासाने ताप येत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण ‘बिचारी स्थानिक शहाणी माणसं आणि मूर्ख साहेब’ असा सोपा निकालही लावता येत नाही. उघड्यावर कुजणाऱ्या मासळीच्या ढिगावर माश्या घोंगावतात, पावसात ते पाणी विहिरीत झिरपतं. दाट वस्ती आणि उघडी मासळी एकत्र नांदणं अवघडच होतं. खत बरोबर होतं, ते द्यायची पद्धत शहराला झेपणारी नव्हती. ॲक्वापोनिक्सचं खरं काम नेमकं इथे सुरू होतं: तेच कुजणं, पण वासाशिवाय.

कुजणं म्हणजे नेमकं काय

मासळी कुजली की त्यातल्या प्रथिनांमधून अमोनिया सुटतो. जिवंत मासाही तोच अमोनिया बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांमधून. अमोनिया माशाला विष आहे. पण मातीत टाकलेला अमोनिया काही दिवसांनी नायट्रेट होतो आणि नायट्रेट हे झाडाचं आवडतं अन्न. हे रूपांतर कोण करतं? बराच काळ समजूत होती की हवेतला ऑक्सिजन आपोआप करतो. १८७७मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी दाखवलं की हे जिवंत जंतूंचं काम आहे: जंतू मारणारं क्लोरोफॉर्म दिलं की रूपांतर थांबतं. १८९०मध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीने झुरिकमध्ये ते जंतू वेगळे काढले. कामाचे दोन टप्पे निघाले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला विषच. ते रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं.

म्हणजे फ्रायर नाक दाबून मुंबईच्या बंदरात उभा होता तेव्हा नारळाच्या मुळाशी हीच दोन टप्प्यांची पाळी चालू होती. ती कळायला आणखी दोनशे वर्षं लागली. आणि पुस्तक तिथेही संपलं नाही. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जंतू असू शकतो हे २०१५मध्ये सिद्ध झालं. तेव्हा दोन गटांनी एकाच वेळी हा शोध जाहीर केला, आणि त्यातल्या एका गटाला तो सापडला होता मत्स्यपालनाच्या पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये.

विहिरीतले मासे

वाडीला पाणी विहिरीचं. गिरगावात घरोघरी नसली तरी वाडीवाडीत विहीर होती, आणि काही विहिरी तर शहराला पाणी पाजत होत्या. फ्रामजी कावसजी यांनी मुगभाटातल्या आपल्या बागेतल्या विहिरींचं पाणी नळाने बाहेर लोकांसाठी नेलं होतं. बागेच्या पाण्यावर शहराने जगणं हे तेव्हा नवल नव्हतं. पण वस्ती वाढली, आणि १८५४च्या टंचाईने विहिरी-तलावांचा हिशेब तोकडा पडला हे उघड झालं. विहारचं धरण १८५६मध्ये सुरू होऊन १८६०मध्ये त्याचं पाणी नळाने शहरात आलं. मग तुळशी १८७९मध्ये, आणि १८९२मध्ये शंभरेक किलोमीटरवरून तानसा. नळ आला तरी विहिरी राहिल्या. लोक त्या वापरत राहिले, पूजत राहिले.

१८९७मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादमध्ये मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात पाहिला. आता गुन्हेगार वास नव्हता, डास होता. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा तपास करून १९११मध्ये अहवाल दिला. शहरातला मुख्य वाहक ॲनोफिलिस स्टीफेन्सी आणि त्याची पैदास विहिरींमध्ये आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये. खाडी नाही, दलदल नाही, घराच्या आवारातली स्वच्छ पाण्याची विहीर! इतकी वर्षं लोक घाणीकडे बोट दाखवत होते आणि रोग स्वच्छ पाण्यात वाढत होता.

पालिकेने विहिरी बुजवायला, झाकायला लावल्या. पारशी आणि हिंदू रहिवाशांनी धर्माचं कारण देत विरोध केला, कारण उघडं, सूर्यप्रकाश पडणारं पाणी पूजेला लागतं. काही ठिकाणी जाळी बसवून, दार ठेवून तडजोड झाली. चर्चगेटजवळची १७२५ची भिखा बेहराम विहीर आजही तिथे आहे. तिसरा मार्ग होता मासे: विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडायचे. पुढे बाहेरून आलेले गप्पी आणि गॅम्बुसिया या कामाला लागले. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर दिसणारा गप्पी मासा तो हाच. १९२८मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या मलेरियावर पुन्हा अहवाल लिहिला तेव्हाही बोट विहिरी आणि टाक्यांकडेच होतं.

बेंटली बरोबर होते. वाडीच्या जुन्या दिवसांबद्दल हळवं होताना हे विसरता येत नाही. विहिरी बंद झाल्याने माणसं वाचली. पण त्याबरोबर वाडीतलं पाणी, झाड आणि मासा यांचं उरलंसुरलं नातंही तुटलं. नळाचं पाणी डोंगरापलीकडून येतं आणि गटारातून समुद्रात जातं. मध्ये ते आपल्या घरात काही मिनिटं थांबतं, बस. कोकणातल्या घरी न्हाणीचं पाणी आळ्यातल्या केळीला आणि अळूला जातं, तेवढं वळणही त्याला इथे मिळत नाही.

नाव नवीन, काम जुनं

ॲक्वापोनिक्सच्या कुठल्याही प्रास्ताविकात दोन पूर्वज येतात: मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांची तलावातली शेतं, चिनांपा, आणि चीनमधली भातखाचरातली मासेपालनाची पद्धत. आपला पूर्वज त्यात येत नाही, म्हणून इथे घेतो: गोव्याची खाजणं. खाडीकाठची भरतीच्या पातळीखालची जमीन, भोवती मातीचे बांध आणि पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दारं असलेली ‘मानस’. पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा कोरगुट भात, बाकीच्या काळात मासे आणि कोळंबी. भाताचे धसकट माशांना, माशांचा गाळ भाताला. ही पोर्तुगीजांच्या आधीची, गावकरीने सांभाळलेली व्यवस्था. बांध फुटला तर एकाचं शेत नाही, सगळ्यांचं जातं, म्हणून कामही सगळ्यांचं.

आजचं बंद चक्राचं, घरामागे मावणारं रूप मात्र खरंच अलीकडचं आहे. १९६९मध्ये अमेरिकेत जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी यांनी न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट काढली आणि काचघरात मासे-भाजी एकत्र वाढवायचे प्रयोग केले. १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी माशांचं पाणी वाळूच्या वाफ्यातून फिरवलं. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तरंगत्या तराफ्यांची पद्धत आकड्यांनिशी बसवली: इतकं खाद्य, इतका वाफा. तिथे गोडं पाणी दुर्मीळ होतं, म्हणून पाणी न फेकणारी पद्धत हवी होती. पुढे मिसुरीतल्या टॉम आणि पॉला स्पेरॅनिओ या जोडप्याने वाळूऐवजी खडी वापरली, आणि तेव्हा ती साध्या माणसाच्या परसात आली.

या सगळ्यांनी नवीन काय केलं? कुजण्याला हवा दिली. उघड्यावर ढीग करून कुजवलं तर आत ऑक्सिजन पोचत नाही आणि वास सुटतो. पाणी सतत खेळतं ठेवलं, खडीवर जंतूंना बसायला जागा दिली आणि वाफा भरून-रिकामा होत राहिला, की प्रत्येक वेळी पाणी उतरताना हवा आत खेचली जाते. जंतूंना ऑक्सिजन मिळतो आणि वासाचा प्रश्नच मिटतो.

परसातली मांडणी

सामान सगळं मुंबईत पायाखाली पडलेलं आहे. २०० लिटरचा निळा ड्रम, आधी खाण्याचा माल ठेवलेला, रसायनाचा नाही. वर लोखंडी घोडीवर अर्धा चौरस मीटरचा, फूटभर खोल वाफा. पाणी चढवायला १८ वॅटचा कूलरचा पंप. तो दिवसरात्र चालला तरी महिन्याला १३ युनिटं. वाफा आपोआप रिकामा व्हायला घंटेसारखा सायफन: उभ्या पाइपावर उलटी टोपी, पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत चढलं की सायफन पकडतो आणि वाफा झपाट्याने उपसतो, तळाशी हवा शिरली की तुटतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही. सगळं मिळून खर्च सात हजारांच्या आत.

खडीचा प्रश्न मजेशीर आहे. संगमरवरी किंवा चुनखडीचे तुकडे घातले तर ते विरघळत राहतात आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. चाचणी सोपी: दगडावर व्हिनेगर टाका, फसफसला तर नको. मुंबईचा काळा दगड, बसाल्ट, फसफसत नाही. ज्या दगडाची अर्धी जुनी मुंबई बांधली, त्याचीच खडी या कामाला उत्तम. पुढे उलटी गरजही पडते. जंतू काम करताना आम्ल तयार करतात, सामू हळूहळू उतरतो. तेव्हा शिंपल्यांची एक पुरचुंडी टाकीत सोडायची. शिंपला म्हणजे चुनाच, लागेल तसा विरघळतो.

पाणी नळाचं. त्यातलं क्लोरीन आपल्याला पटकीपासून वाचवतं, पण आपल्याला हव्या त्या जंतूंनाही मारतं. उघड्या ड्रमात एक-दोन दिवस ठेवलं, वर हवा सोडली, की ते उडून जातं.

आणि आता मुख्य गोष्ट: आधी मासे नाहीत. नव्या टाकीत जंतू नसतात. त्यात थेट मासे सोडले तर आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि मासे मरतात. नवशिक्यांच्या टाक्या पहिल्या महिन्यात ओस पडतात त्या याच कारणाने, रोगाने नाही. म्हणून आधी जंतूंना उपाशी न ठेवता वाढवायचं, आणि त्यासाठी अमोनिया हवा. मी बाजारातून कोळंबीची डोकी आणली, फडक्यात बांधली आणि पाण्यात सोडली. कुजू दिली. दोन दिवस फ्रायर काय म्हणत होता ते आख्ख्या गल्लीला कळलं. पंप चालू होता, तिसऱ्या दिवसापासून वास कमी झाला.

मग रोज चाचणी आणि एका शीटमध्ये नोंद, ऑफिसात सर्व्हरचे आलेख बघतो तसेच. अमोनिया चढला, दुसऱ्या आठवड्यात उतरू लागला आणि नायट्राइट चढलं. चौथ्या आठवड्यात तेही उतरायला लागलं. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्य, आणि नायट्रेट भरपूर. श्लोसिंग, म्युंट्झ आणि विनोग्राड्स्की तिघांचं काम त्या तीन रेघांत होतं. मुंबईच्या उकाड्यात हे जंतू खूश असतात. थंड देशात याला आणखी वेळ लागतो. पण त्याच उकाड्याची दुसरी बाजू म्हणजे गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. शिवाय पाणी जितकं गरम आणि सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणून सावली आणि हवेचा दगड हवाच.

त्यानंतर बारा गोल्डफिश आणले. तिलापिया सगळीकडे सुचवतात, पण तो बाहेरचा मासा आहे आणि त्याच्या पालनाला आपल्याकडे परवानगी लागते. १९५२मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया आज देशभरच्या तलावांत कसा माजलाय ते बघितलं तर नियम का आहे ते कळतं.

वाफ्यात पुदिना, पालक आणि अळू. अळू सगळ्यांत खूश.

हिशेब आणि आक्षेप

‘मासे ठीक आहेत रे बाळा, पण डासांचं काय?’ शेजारच्या आंटींचा हा पहिला प्रश्न होता. त्यांच्या घरात डेंगी होऊन गेलाय. साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस येते, तीही मला आणि घरमालकांना. आंटींना मी १९११ सांगितलं नाही. पण त्यांचा प्रश्न १९११चाच होता, आणि त्याला उत्तर देणं बंधनकारक होतं. वाफ्यात पाणी खडीच्या वरच्या थराखाली इंचभर राहतं, वर उघडं पाणी नाही. ड्रमवर जाळी. ड्रममध्ये गोल्डफिशच्या सोबतीला मूठभर गप्पी. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला आंटींनी स्वतः टॉर्च मारून बघायचं, असं ठरलं. त्या बघतात. हे सगळं त्यांच्या संमतीवर चालू आहे, खाजणाचा बांध जसा सगळ्यांचा असतो तसं.

दुसरा आक्षेप मीच घेतो. यातून पोट भरतं का? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा छोट्या मांडण्यांसाठी अंदाज असा की पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य लागतं. माझ्या वाफ्याला वीस-पंचवीस ग्रॅम हवं. बारा गोल्डफिश, प्रत्येकी साधारण २५ ग्रॅमचा, म्हणजे ३०० ग्रॅम वजन. वजनाच्या दोन टक्के धरलं तर दिवसाला ६ ग्रॅम खाद्य. म्हणजे वाफ्याचा पाव भागच नीट पोसला जातो. मासे वाढतील तसा वाफा भरेल. तोवर आठवड्याला पुदिन्याची एक जुडी आणि महिन्यातून एकदा अळूचं फदफदं. ही शेती नव्हे.

आणि ते खाद्य कुठून येतं? पाकिटावर वाचलं तर फिशमील. समुद्रातली बारीक, खाण्यात भाव नसलेली मासळी सुकवून केलेली पूड. म्हणजे बकशॉच! तीनशे वर्षांपूर्वी ती मासळी थेट नारळाच्या बुंध्याशी जायची, आता कारखान्यातून, गोळी होऊन, गोल्डफिशच्या पोटातून अळूच्या मुळाशी जाते. शंभर ग्रॅम खाद्यात साधारण पाच ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगाला लागतो, बाकीचा पाण्यात उतरतो. चक्र बंद आहे असं आपण म्हणतो, पण त्याचं एक टोक अजून समुद्रातच बुडवलेलं आहे. समुद्रातली बारीक मासळी खरवडून नेली तर मोठ्या माशांनी खायचं काय, हा प्रश्न ‘शाश्वत’ असं लेबल लावल्याने सुटत नाही. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या हा एक पर्याय पुढे येतोय. मी डकवीड, पाण्यावर वाढणारी बारीक टिकलीसारखी वनस्पती, एका टबात लावली आहे. गोल्डफिशना ती आवडते. पण खाद्याची गोळी पूर्ण बंद होईल असं नाही.

मग कशाला हा उद्योग? कारण खोताच्या वाडीत प्रश्न भाजीचा नाही, उघड्या जागेचा आहे. घरं एकेक करून पडताहेत. पडली की त्या जागी उभी राहणारी इमारत परसू ठेवत नाही, पोडियम पार्किंग ठेवते. अनंताश्रमासारखी खानावळ, जिथे लोक लांबून मासे जेवायला यायचे, तीही आता नाही. ‘वारसा’ म्हणून जे जपायचं म्हणतो त्यात आपण कौलं, कठडे आणि रंगीत खिडक्या मोजतो. घरामागची साठ चौरस फूट जमीन मोजत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही. पण वाडी या शब्दाचा अर्थ त्या साठ फुटांत आहे, खिडकीत नाही.

या इतिहासात तीन वेळा चक्र तुटलं. पहिल्यांदा मासळीच्या खतावर घाला आला तो चुकीच्या समजुतीने, पण शहराची अडचणही खरी होती. दुसऱ्यांदा विहिरी बुजल्या, त्या योग्य कारणाने. तिसऱ्यांदा, आत्ता, जमीनच जाते आहे, आणि या वेळी कारण ताप नाही, डास नाही, फक्त भाव आहे. पहिल्या दोन वेळांची भरपाई करता येते: हवा खेळवली की वास जातो, मासे आणि जाळी असली की डास जातो. तिसऱ्याची भरपाई मला येत नाही. एका ड्रमाने घर वाचत नाही, आणि वाचतं असं सांगून मला कुणाला फसवायचं नाही.

एवढं मात्र करता येतं. या पावसाळ्यात वाडीतल्या आणखी दोन घरांनी ड्रम मागितलेत. एकीकडे बंद केलेली जुनी विहीर आहे, वर लादी घातलेली. तिला हात लावायचा नाही हे ठरलंय. दुसरीकडे म्हाताऱ्या मालकांना फक्त अळू हवंय, मासे त्यांच्या नातवाला. कोळंबीची डोकी मी नेऊन देणार आहे. पहिले दोन दिवस वास येईल, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलंय.